नात्सुमीचं रडणं

नात्सुमी मिळाली तर मालविका कारखानीसचा काय काय फायदा होणार, ते मी काचेच्या अलीकडे बसून मोजत होतो. पलीकडे ती माइकसमोर उभी राहून कोमट पाणी पीत होती, आणि मी मोजतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एक तर तिला माणूस व्हायला मिळणार होतं. नाटक सोडून डबिंगमध्ये आल्यापासून मालविका शेळी झाली होती, चेटकीण झाली होती, दोनदा गाढव झाली होती आणि एका पाचक चूर्णाच्या जाहिरातीत पोट बिघडलेला भोपळा झाली होती. वय त्रेचाळीस, पण गळ्याला अजून चष्मा लागला नव्हता. आता लहान मुलांच्या एका वाहिनीने जपानी कार्टून मालिका मराठीत आणायची ठरवली होती. तिची नायिका नात्सुमी, वय सोळा, रिदमिक जिम्नॅस्ट. म्हणजे गाण्याच्या तालावर लांबलचक रिबन नाहीतर चेंडू घेऊन अंगाची कमान करायची, वस्तू वर फेकायची, दोन कोलांट्या मारायच्या आणि ती न बघता झेलायची. वाहिनीने नाव ठेवलं 'भरारी नात्सुमीची'. मी म्हटलं, हे कोंबड्यांच्या खाद्याचं नाव वाटतं. कुणी ऐकलं नाही. लिहायचं आणि डबिंग बसवायचं काम माझं, नाव ठेवायचं काम त्यांचं.

पण मालविकाचा खरा फायदा वेगळाच होता. तिची मुलगी जुई, तीही सोळाची, ठाण्यातल्या एका क्लबात हेच रिदमिक करायची. सकाळी हॉल, मग कॉलेज, मग पुन्हा हॉल. वडील बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यात. घरात दोघीच, आणि दोघींचं बोलणं 'डबा घेतलास का' आणि 'माझे मोजे कुठायत' यांच्या पलीकडे जात नसे. लेकीला आईची गरज उरली नव्हती. नात्सुमी मिळाली तर आईला लेकीची गरज लागणार होती. मालविकाने हे बरोबर हेरलं होतं.

"मोजून झालं?" तिने माइकमधून विचारलं.

"हातचा एक राहिलाय."

"तो तुझा. लाव आता."

मी मान हलवली आणि आमच्या फ्रान्सिसने चित्र सोडलं. फ्रान्सिस डाबरे हा आमचा रेकॉर्डिस्ट, वसईचा, तोंडात कायम बडीशेप. पडद्यावर नात्सुमी धावत हॉलमध्ये शिरली आणि मालविका बोलायला लागली. फ्रान्सिसने चावणं थांबवलं.

"सर, आत कोण उभंय?"

आत मालविकाच उभी होती. आवाज जुईचा होता. नुसता बारीक केलेला आवाज नव्हे. प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलायची जुईची सवय, रागावल्यावर शब्दाच्या आधी नाकातून सोडायची ती हवा, सगळं. जुईला मी बाळंत्यात पाहिलेली.

आठवड्याने वाहिनीच्या बाईंचा फोन आला: सुरू करा, पण प्रत्येक महत्त्वाचा भाग जपानला जाईल आणि तिथून होकार आला तरच पुढे. थोडक्यात, मांडीवर घेतलं होतं, दत्तक अजून घेतलं नव्हतं.

मग जुई स्टुडिओत यायला लागली. पहिल्या दिवशी आल्या आल्या तिने माझी संवादांची फाइल उघडली.

"दिगूकाका, 'माझी रिबन भूमीवर कोसळली' हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"रिबन काय इमारत आहे का कोसळायला? रिबन मरते. तिचं शेपूट निपचित पडलं ना, की मेली. आमच्या पाटकरबाई ओरडतात, मेली, मेली, उचल!"

मी मुकाट्याने खोडलं.

"आणि आई, तू कमान करताना श्वास सोडतेस."

"मग काय करू, पोटात ठेवू?"

"हो. धरतात. थांब, दाखवते." असं म्हणून त्या पोरीने दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत एक पाय मागून वर नेला, डोक्यावरून हात नेऊन घोटा धरला आणि तशीच उभी राहून बोलत राहिली. "इथे, बरगडीला हात लाव. बघ, आत हवा आहे की नाही? आता खाली येताना सुटेल. आली बघ."

फ्रान्सिस माझ्या कानात म्हणाला, "सर, हे कायद्यात बसतं का?"

मालविकाने एक हात जुईच्या बरगडीवर ठेवला होता, दुसरा स्वतःच्या. दोघी एकदम श्वास घेत होत्या, एकदम धरत होत्या. असं बराच वेळ चाललं. शेवटी मीच खाकरलो. स्टुडिओ तासावर होता.

त्या दिवशी जुईने पहिल्यांदा आईची नात्सुमी ऐकली. आधी डोळे मोठे केले, मग हेडफोन काढून फेकला.

"शी! मी अशी बोलते?"

"अस्सं बोलतेस."

"लाडावलेल्या मांजरीसारखं?"

"मी तर म्हणते मांजर बरी. ती मोजे मागत नाही."

"म्हणजे नात्सुमी मीच की गं."

"अर्धी तू, अर्धी मी," मालविका म्हणाली.

"अर्धीबिर्धी काही नाही. आवाज माझा, तोंड जपानचं. तू नुसती पोस्टमन."

आणि दोघी अशा हसल्या की फ्रान्सिसने ते हसणंही टेपवर घेऊन ठेवलं. म्हणाला, कुठेतरी लागेल.

मालिका चालली. जपानी माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. नात्सुमीचा कार्यक्रम दीड मिनिटाचा, पण तो दोन-दोन भाग संपत नसे. तिने चेंडू वर फेकला की तिला आख्खं बालपण आठवायचं, मग मैत्रिणीने केलेला दगा आठवायचा, मग समुद्र. चेंडूही गुणी. तिचं सगळं आठवून होईपर्यंत खाली यायचा नाही. तो वरच्या वर असताना मालविकाला सगळे विचार धापा टाकत बोलायचे असत आणि त्या धापा खऱ्या हव्या असत. त्या तिला जुईने शिकवल्या. नाचून थकल्याची धाप वेगळी, घाबरल्याची वेगळी, हरल्यावरची वेगळी. मालविका सांगायची, आता आम्ही जेवताना ताटं बाजूला सरकवून धापा टाकतो. शेजारच्या बाई विचारून गेल्या, दमा कुणाला झालाय?

मी तिला इतकी खुश त्याआधी पाहिली नव्हती. नाटकात बक्षीस मिळालं तेव्हाही नाही.

मग तो भाग आला.

राष्ट्रीय स्पर्धेत नात्सुमीच्या रिबनला गाठ बसते. ती सोडवायच्या नादात तिचाच पाय रिबनवर पडतो आणि ती सगळ्यांसमोर आपटते. त्यानंतरचं दृश्य कपडे बदलायच्या खोलीतलं. नात्सुमी बाकाखाली, गुडघ्यांत तोंड घालून रडते. मिनिटभर. संवाद एक नाही. संगीतसुद्धा नाही. त्या जपानी दिग्दर्शकाने सगळं भांडवल एका रडण्यावर लावलेलं.

मालविका रडली. मी टेक थांबवला.

"काय झालं?"

"शेवटच्या रांगेला ऐकू जातंय."

ती पुन्हा रडली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी फ्रान्सिस माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, नवरा गेल्यासारखं वाटतंय." तो खोटं बोलत नव्हता. मालविकाचं रडणं अस्सल होतं, घोटलेलं होतं, पण ते बाईचं होतं. बाई रडते तेव्हा तिला माहीत असतं की आपण रडतोय. ही पोर बाकाखाली लपली होती. तिला कुणी ऐकायला नको होतं.

संध्याकाळी वाहिनीच्या बाईंचा फोन. जपानी मंडळींनी नेमका हाच तुकडा मागवलाय. शुक्रवारी गेला पाहिजे. आणि नाही जमलं तर काळजी करू नका, हिंदीकडे एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, रडते छान. आधीचे भागही तिच्याकडून पुन्हा करून घेऊ.

मी मालविकाला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"रडते छान?" ती म्हणाली.

"असं म्हणाल्या."

"मला एक दिवस दे, दिगू."

"उद्या?"

"उद्या जुईला डॉक्टरकडे न्यायचंय. पाठ धरलीय तिची, महिनाभर कण्हतेय आणि सांगत नाहीये. राज्याची निवड आहे ना पुढे. परवा सकाळी येते."

परवा सकाळी ती आली तेव्हा तिने कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. पर्स ठेवली, आत गेली, स्टूल बाजूला सारलं आणि चक्क खाली बसली. फ्रान्सिसने माइक खाली नेला. तिने गुडघे पोटाशी घेतले.

"लाव."

सुरुवातीला काहीच आलं नाही. मला वाटलं माइक बंद आहे. मग एक बारीक आवाज आला, नळाचं पाणी जायच्या आधी येतो तसा. मग तो दाबला गेला. कुणीतरी उशीत तोंड खुपसावं तसा. मग उचकी, आणि उचकी आपल्यालाच ऐकू आली म्हणून घाबरून धरलेला श्वास. आणि त्यानंतर अगदी हळू, "नको ना. नको ना गं." कुणाला सांगायचं म्हणून नाही, नुसतंच. मग पुन्हा ते दाबलेलं काहीतरी, लांबत लांबत गेलेलं.

दृश्य संपलं, चित्र काळं झालं. फ्रान्सिसचा हात बटणाकडे गेला नाही. मीच वाकून टेप थांबवली.

'नको ना गं' मी लिहिलेलं नव्हतं. पण नात्सुमीचं तोंड गुडघ्यांत होतं, ओठ दिसत नव्हते. ओठ दिसत नसले की डबिंगवाल्याला माहेरी आल्यासारखं वाटतं, हवे ते शब्द घालता येतात. मी ते ठेवलं.

"दुसरा टेक?" फ्रान्सिसने विचारलं.

"नाही," आतून मालविका म्हणाली.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तिला म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"मणक्याला बारीक चीर आहे. कमान बंद."

"किती दिवस?"

"दिवस नाहीत, दिगू. बंद."

मी विचारलं, "जुई?"

"डॉक्टरांसमोर काही नाही. रिक्षात काही नाही. घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. दुपारभर."

"रडली असेल."

"रडली."

"मग तू काय केलंस?"

तिने चहावर फुंकर घातली. बराच वेळ घालत राहिली. टपरीवरचा चहा एवढा गरम कधीच नसतो.

जपानहून उत्तर आलं. होकार होताच, वर एक प्रश्न होता: ही मुलगी कोण आहे, तिचं वय काय? वाहिनीच्या बाईंनी मला वाचून दाखवलं, मी मालविकाला. ती म्हणाली, "सोळा कळव." दत्तकविधान झालं. हिंदीकडची मुलगी हिंदीकडे राहिली.

जुई पुन्हा स्टुडिओत आली नाही, पण मी फोन केला की बोलायची. कमरेला पट्टा होता. तरीही ती रोज हॉलवर जायची. लहान मुलींचे अंबाडे घालून द्यायची, त्यांच्या रिबनी गुंडाळायची. मी म्हटलं, त्रास नाही होत बघताना? म्हणाली, "होतो. पण घरी आईला होतो ना काका, मी घरात बसले की. ती माझ्याकडे बघतच नाही. बिचारी फार मनाला लावून बसलीय."

तो भाग वाहिनीवर लागायचा रविवार आला. जुईनेच घाट घातला. क्लबातल्या सात-आठ लहान मुली बोलावल्या, मला आणि फ्रान्सिसला बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा मुली टीव्हीसमोर फरशीवर बसल्या होत्या. म्हणजे आपण बसतो तशा नव्हे, दोन पाय दोन दिशांना सरळ फाकवून, मध्ये चिवड्याची वाटी ठेवून. फ्रान्सिस सोफ्याच्या कडेवर टेकला आणि त्याला स्वतःच्याच गुडघ्यांची लाज वाटायला लागली.

"हा आवाज माझ्या आईचा," जुई मुलींना सांगत होती. "आणि माझा. म्हणजे बोलते ती, पण आहे मी."

"मग तू टीव्हीत का नाही जात?" एकीने विचारलं.

"माझं तोंड जपानी नाहीये म्हणून."

मालविका स्वयंपाकघरातून बाहेर येईना. साबुदाणेवडे तळत होती. जिने आपली शेळीसुद्धा शेजारपाजार गोळा करून दाखवली होती, ती बाई आपल्या सगळ्यात मोठ्या दिवशी कढईला चिकटून उभी होती. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा म्हणाली, हा घाणा काढते आणि येते.

नात्सुमी आपटली. मुलींनी 'आई गं' केलं. मग ती खोली आली, बाक आला, बाकाखालची नात्सुमी आली. आणि ते रडणं सुरू झालं.

मी जुईकडे बघत होतो. माझी सवय. ती हसत होती, मुलींना कोपराने ढोसत होती. पहिला बारीक आवाज आला तेव्हाही हसत होती. मग उशीत दाबल्यासारखा तो आवाज आला. जुईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागून जुई निघून गेली. 'नको ना गं' आलं तेव्हा तिने टीव्हीवरची नजर काढली आणि आपल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. दाराकडेही नाही, दाराच्या खाली.

पट्ट्याला हात लावून ती सावकाश उठली. "बघा हं तुम्ही," मुलींना म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी वड्यांची रिकामी ताटली घेऊन तिच्यामागे निघालोच होतो. दारातच थांबलो. मागे जावं की पुढे, ते ठरेना, आणि दोघींनाही माझ्याकडे बघायला सवड नव्हती.

"आई, त्या दिवशी तू बाहेर होतीस," जुई म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"डॉक्टरकडून आलो तेव्हा. माझ्या दाराबाहेर. खालच्या फटीतून तुझे पाय दिसत होते. जोडवी दिसत होती."

मालविकाने गॅस बारीक केला. "होते मी."

"सगळा वेळ."

"हो."

"मला वाटलं, तूपण रडतेयस." जुईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मला वाटलं, तुला माझ्यासमोर रडायचं नाहीये म्हणून आत येत नाहीयेस. म्हणून मी हाक नाही मारली. म्हटलं, राहू दे, आई आहे ना बाहेर. तेवढ्यावर मी..." ती थांबली. "मी तुझ्या पायांकडे बघत होते गं सगळा वेळ."

बाहेर टीव्हीवर नात्सुमी अजून रडत होती. तो तुकडा मिनिटाचाच होता, मी शंभरदा मोजला होता. त्या दिवशी संपेना.

मालविकाच्या हातात झारा होता. त्यावरून तेल निथळून ओट्यावर पडत होतं. ती एवढी बोलणारी बाई, हजार लोकांसमोर न अडखळता बोललेली. तिने खरं होतं तेच सांगितलं. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

"आत आले असते तर तू थांबली असतीस."

जुईने मान हलवली. जणू कुणी तिला अवघड गणित नीट समजावून दिलं होतं.

"हो ना," ती म्हणाली. "थांबले असते."

मग तिने माझ्या हातातली ताटली घेतली, तळलेले वडे त्यात भरले, चटणीची वाटी मधोमध ठेवली आणि बाहेर जाऊन एकेकीला वाढलं. "गरम आहेत, फुंकून खा," असं प्रत्येकीला सांगितलं.

पडद्यावर पुढच्या रविवारची झलक लागली होती. सगळ्यात धाकटीने विचारलं, "जुईताई, नात्सुमी परत खेळेल ना?"

"खेळेल की. तिला काय झालंय?"

फ्रान्सिसने वडा खाल्ला नाही. पुढे रस्त्यावर येऊन म्हणाला, "सर, मी मुलांचं हसणं-रडणं चोवीस वर्षं टेपवर घेतोय. आपण कधी विचारतो का, कुठून आणलं?" माझी रिक्षा आली.

भांडण झालं नाही. मालविका म्हणायची, भांडली असती तर मी पाय धरले असते, पण भांडायला ती थांबतच नाही. डबा घेतलास का, विचारलं की घेतला म्हणते. पाठ कशी आहे, विचारलं की बरी आहे म्हणते. मात्र आईशी बोलताना तिच्या वाक्याचं शेपूट आता वर उचललं जात नसे. सरळ, बेताचं, बँकेत बोलतात तसं. मैत्रिणीशी फोनवर बोलत असली आणि आई खोलीत आली की मध्येच आवाज उतरायचा, पंख्याचा वेग कमी करावा तसा.

इकडे नात्सुमी बोलत राहिली. ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली, चेंडू वर फेकून समुद्र आठवत राहिली. मालविका एक दिवस चुकली नाही. मालिका संपत आली तेव्हा एका दृश्यात नात्सुमीला फलाटावर आपली आई दिसते आणि ती नुसतं 'आई' अशी हाक मारते. एक शब्द. मालविकाने तो चार-पाच वेळा म्हटला. काहीतरी बिघडत होतं. ती काचेतून माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "दिगू, सुरुवातीचा एखादा भाग लाव ना. कशी म्हणायची ती, मला आठवत नाहीये."

फ्रान्सिसने जुना भाग शोधला आणि लावला. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. स्वतःच्याच आवाजातली हाक ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा ऐकली. मग म्हणाली, "हं, चल." तो टेक चांगला गेला.

जुईचं लग्न झालं त्याला आता काही वर्षं झाली. बंगलोरचं सासर, मुलगा चांगला. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या. बोटीवरचे वडीलसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जुई काकूच्या, मावशीच्या गळ्यात पडून चांगली हुंदके देऊन रडत होती, सगळा हॉल ऐकत होता. मग मालविका पुढे झाली. जुईने आईला मिठी मारली आणि तिचा आवाज बंद झाला. खांदे हलत होते, पाठ हलत होती, मोगऱ्याचा गजरा हलत होता, पण आवाज नव्हता. मी बाजूलाच होतो. तिने शालूचा पदर मुठीने तोंडात कोंबलेला मला दिसला.

गाडी गेल्यावर हॉलवाले खुर्च्या एकात एक घालत होते. मालविका एका खुर्चीवर बसून होती. मी शेजारी टेकलो.

"पाहिलंस?" ती म्हणाली.

"पाहिलं."

"माझ्यापासून लपवत होती रे. मी ऐकेन म्हणून."

मी हिशेबी माणूस, तिथेच बसून गोळाबेरीज केली. वाहिनीला मालिका मिळाली, ती त्यांनी तीनदा दाखवली. मला त्या एका रडण्यावर पुढची कामं मिळाली. नात्सुमीला शेवटच्या भागात सुवर्णपदक मिळालं. मालविकाला अजून लोक विचारतात, त्या नात्सुमी तुम्हीच ना? मिळायचं ते असं चौघांत वाटलं गेलं. भरलं मात्र सगळं एकाच घराने, दोघींनी, दाराच्या दोन बाजूंना उभं राहून.